भिंतीवर लागायचं, पण हाराशिवाय

आमच्या दुकानात लोक जुने फोटो घेऊन येतात. फोटो महिन्याने का होईना, घेऊन जातात. पण त्या फोटोबरोबर सांगितलेली गोष्ट मात्र काउंटरवरच ठेवून जातात! ती परत मागायला आजवर कोणी आलेलं नाही. त्यामुळे आमच्याकडे गोष्टी नुसत्या साचत चालल्यात. घरी पाहुणे आले की मी चहाबरोबर एखाददुसरी वाढते. तुम्हीही बसा, चहा टाकलाय.

आधी घरातली माणसं सांगते. आमचा फोटो स्टुडिओ नाशिकच्या पंचवटीत, कारंजाच्या मागच्या गल्लीत. खाली दुकान, वर घर. दुकान सासऱ्यांचं, म्हणजे आप्पांचं. सासूबाईंना सगळी गल्ली माई म्हणते, मीही तेच म्हणते. नवरा नितीन लग्नांचं शूटिंग करतो, म्हणजे सीझनमध्ये त्याचं दर्शन ड्रोनलाच होतं. मी वैशाली, कॉम्प्युटरवर बसते. मोबाइल आल्यापासून नवा फोटो काढायला कोण येतंय? येतात ते जुने घेऊन. कुणाचा वाळवीने खाल्लेला, कुणाचा पावसात भिजलेला. आणि रामकुंड हाकेच्या अंतरावर असल्यामुळे दहाव्याला लागणारे, हार घालायचे फोटो हे तर आमचं रोजचं काम.

आप्पांचा स्वभाव दोन शब्दांत सांगता येतो. काम झालं का विचारा, उत्तर ठरलेलं: "थोडं राहिलंय." कुणाचा भांग सरळ करायचा राहिलेला असतो, कुणाच्या मागच्या भिंतीचा पोपडा. "माणूस जातो, फोटो उरतो, वैशाली. तो परफेक्टच पाहिजे." या परफेक्टपायी एकदा दहाव्याचा फोटो त्यांनी तेराव्याला दिला! गिऱ्हाईक हात जोडून म्हणालं, "आप्पा, कावळासुद्धा वेळेवर आला हो, तुमचा फोटो नाही आला!"

* * *

आप्पांचा एक काळा कोट आहे. पूर्वी तो स्टुडिओत खुंटीला असायचा, पासपोर्ट फोटोला येईल त्याला चढवायचे. कॉम्प्युटर आल्यावर आप्पांनी त्या कोटाचाच फोटो काढून ठेवला. तेव्हापासून आमच्याकडे ज्यांचा फोटो येतो ते सगळे त्याच कोटात! मूळ फोटोत सदरा असो, लुंगी असो, आप्पांच्या हातून सुटला की माणूस टायमध्ये. एक जण म्हणालाच, "आप्पा, वर काय युनिफॉर्म कंपल्सरी केलाय का?"

तर विंचूरकडचा एक जण आईला घेऊन आला. वडील वारलेले. त्यांचा फोटो एकच, मोबाइलवर काढलेला. कांद्याच्या ढिगावर बसलेत, अंगात बनियन, डोक्यावर टोपी, तोंडभर हसतायत.

आप्पांनी कांदे काढले, मागे निळा पडदा टाकला. टोपी काढून झकास भांग पाडला. वर कोट, टाय. फ्रेम म्हातारीच्या हातात दिली. तिने ती जवळ धरून बघितली, लांब धरून बघितली.

"ह्ये कोन?"

"आये, आपले दादा हायेत."

"दादा? ह्यो तर ब्यांकेतला सायब हाय! परक्या मानसाफुडं दिवा लावू व्हय मी? लोक काय म्हनतील!"

आप्पांचा चेहरा एवढासा झाला. मी घाईघाईने मूळ फोटो उघडला. टोपी परत आली, कांदे परत आले. म्हातारी स्क्रीनला नाक लावून बसली आणि एकदम बोट ठेवलं. "हितं भोक होतं."

बनियनला खांद्यावर भोक होतं, ते आप्पांनी अगदी पहिल्या दिवशीच, मूळ फोटोतच बुजवलं होतं. "चांगलं दिसत नव्हतं हो ताई," आप्पा म्हणाले.

"मी रोज म्हनायची, काढा, शिवून देते. तर आपलं, कांदा इकला की नवंच घेऊ." मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "ते भोक ऱ्हाऊ द्या. ते दिसलं म्हंजे मला भांडाया बरं."

मुलाच्या मोबाइलवरून भोक परत आणलं. आप्पा दिवसभर पुटपुटत होते, "माझ्या दुकानातून फाटका माणूस बाहेर गेला!"

* * *

इंदिरानगरच्या एक रिटायर्ड मुख्याध्यापिका आल्या. लग्नाचा मोठा वाढदिवस होता, हॉल घेतला होता, तिथे लावायला लग्नाचा फोटो मोठा करून हवा होता. फोटोत बाई खाली बघतायत, गळ्यात हार, आणि शेजारी नवरदेवाचा चेहरा असा, की कुणी त्याला धरून आणलंय!

"आप्पा, यांना जरा हसवता येईल का?"

आप्पांना काय, तेवढंच हवं असतं. दुसऱ्या एका फोटोतलं त्यांचंच हसू आणून असं बसवलं की नवरदेव एकदम खुलला. न्यायला बाई आल्या, बरोबर साहेबही आले. साहेबांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "हा मी नाही."

"अहो, तुम्हीच आहात."

"मी त्या दिवशी हसलोच नव्हतो."

"तेच तर दुरुस्त केलंय!"

"का म्हणून? माझे नवे कोरे बूट गेले होते. तुझ्या बहिणींनी मानाचे पैसे हवेत म्हणून लपवले, आणि लपवले ते असे, की मागाहून त्यांनाच सापडेनात! सगळं लग्न मी मामाच्या चपलांवर काढलंय. हसू कशाने?"

बाईंनी चष्मा काढला. शाळेत हेडबाई असताना पोरं कशी गार पडत असतील ते मला तेव्हा कळलं. "म्हणजे बुटांसाठी? इतकी वर्षं मला वाटतंय, मी तुम्हाला पसंत नव्हते!"

साहेब गडबडले. काउंटरवरचा पेन उगाच सरळ करत म्हणाले, "तू पसंत होतीस गं. बूटही पसंत होते."

बाई इतक्या हसल्या की मला पाणी आणावं लागलं. "आप्पा, ते उसनं हसू काढा," म्हणाल्या. "मला तोच रागातला द्या. आता मला तो आवडेल."

* * *

आता तुम्ही म्हणाल, अशा माणसाच्या घरी फोटोंची काय चंगळ असेल. कसली डोंबलाची चंगळ! दिव्याखाली अंधार. अख्ख्या नाशिकच्या भिंती सजवल्या आप्पांनी, पण आमच्या हॉलच्या भिंतीवर एक कॅलेंडर आणि एक घड्याळ. माईंचा एकही फोटो नाही.

काढले नाहीत असं नाही. दर पाडव्याला ओवाळून झालं की आप्पा माईंना खाली स्टुडिओत नेणार. छत्र्या, लाइट, पडदा. "मान जरा डावीकडे. एवढी नको. हनुवटी खाली. आता हस. दात नको." हे होईस्तोवर माईंचा चेहरा लाकडी होऊन जायचा. मग आप्पा फोटो बघणार आणि तोंड वाकडं करणार. एक डोळा बारीक आलाय, कुंकू केसभर सरकलंय, नाकाची सावली पडलीय. "बाद. पुढच्या पाडव्याला काढू."

"अहो, चंद्रालाही डाग आहेत," माई म्हणायच्या. "म्हणून देवाने तो अडवून ठेवलाय का, थोडं राहिलंय म्हणत?"

एकदा भाजी निवडताना मला म्हणाल्या, "या धंद्यात मी एक बघितलं, वैशाली. बाई भिंतीवर जाते ती गळ्यात हार घेऊनच. मला जिवंतपणी लागायचंय भिंतीवर. हाराशिवाय. समोर बसून चहा पिता पिता स्वतःकडे बघायचंय. एवढीच हौस आहे." बोलत होत्या हसत हसत. पण कॅलेंडरशेजारी एक रिकामा खिळा होता, आणि तो त्यांनीच ठोकून ठेवलेला होता.

* * *

मालेगावहून दोघं भाऊ आले, यंत्रमागवाले. लहानपणीचा एकच फोटो, मध्ये वडील आणि दोन बाजूंना हे दोघं. धंद्याची वाटणी झाली त्या दिवशी भांडणात फोटोही फाटला. एक तुकडा थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. वर्षानुवर्षं बोलणं बंद. आता धाकट्याच्या मुलीच्या लग्नात समेट झाला, म्हणून दोघं दोन तुकडे घेऊन एकाच गाडीतून आलेले.

आप्पांच्या अंगात आलं. जेवणाची शुद्ध नाही. असा सांधला फोटो, की भिंग लावलं तरी जोड दिसू नये.

थोरल्याने हातात घेतला. "माशाअल्लाह! पण आप्पा, फाटलेली लाइन कुठाय?"

"काढली ना. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"अरे, पण कळायला पाहिजे! पोरं विचारतील ना, कोणी फाडला? मग याने फाडला हे दिसायला नको?"

"मैंने?" धाकटा उठलाच. "भाईजान, फोटो तुम्हारे हाथ में था!"

झालं! समेट आमच्या काउंटरवरच मोडतो की काय, या भीतीने मी चहा मागवला, वर भजी मागवली. भजी संपेपर्यंत दोघांचं एकमत झालं, की लाइन पाहिजेच. फक्त ती कुणाच्याही बाजूला झुकलेली नको, बरोब्बर मधोमध. मग काय, जी लाइन पुसायला आप्पांनी जीव काढला, तीच ते फूटपट्टी लावून पुन्हा ओढत बसले! ओढून झाल्यावर विचारतात कसे, "परफेक्ट फाटलाय ना?"

* * *

गंगापूर रोडचा एक इंजिनिअर आप्पांचाच शिष्य शोभेल असा. पिशवीभर फोटो, पण स्कॅन करायचे ते तारीखवार. वर्ष, महिना, दिवस. तारीख सापडत नाही तोवर सुरुवातच करायची नाही! पिशवी आमच्याकडे यायची आणि तशीच परत जायची. शेवटी तो आत्याला घेऊन आला, तिला सगळं आठवतं म्हणून.

"आत्या, हा कधीचा?"

"हा? श्रीखंड फसलं तेव्हाचा."

"तारीख, आत्या."

"तारीख कुणाला ठाऊक! चक्का आंबट निघाला होता. आणि हा रमेश रुसून गच्चीवर बसला त्या दिवशीचा. आणि यात कुत्रं मांडवात शिरलं होतं, ते इथे टेबलाखाली आहे बघ."

इंजिनिअरने कपाळाला हात लावला. आत्या वैतागली. "अरे, तू फोटो लावतोयस की पंचांग छापतोयस? मी आहे तोवर विचारून घे. नंतर तारखा मिळतील, श्रीखंड मिळायचं नाही!"

हे मात्र त्याला लागलं. खुर्ची ओढून बसला आणि ती सांगेल ते लिहीत गेला. आता त्याची परदेशातली चुलत भावंडं मेसेज करतात, "अरे, ते 'श्रीखंड फसलं'चं फोल्डर पाठव ना!"

* * *

मग एका सकाळी पोळ्या लाटता लाटता माईंच्या छातीत दुखायला लागलं. घाम फुटला. नितीनने गाडी काढली, हॉस्पिटल गाठलं. माई स्ट्रेचरवर, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क. आणि काउंटरवरची मुलगी म्हणते, "पेशंटचा एक फोटो द्या."

 फोटो स्टुडिओवाले आम्ही, आणि फोटो नाही!

"मी काढतो," आप्पा म्हणाले आणि मोबाइल घेऊन स्ट्रेचरपाशी गेले. "अगं, इकडे बघ. हनुवटी जरा वर. सिस्टर, ती मागची ट्यूब बंद करता का? चेहऱ्यावर चमकतेय."

"काका, पेशंटला आत घ्यायचंय! बाजूला व्हा!"

माईंनी स्वतःच मास्क वर केला. "वैशाली, यांना काढू देऊ नकोस गं! हा चांगला आला ना, तर उद्या हार घेऊन येतील!"

सिस्टरसुद्धा हसली. स्ट्रेचर आत गेलं, दार बंद झालं. नितीनने आधार कार्डाची झेरॉक्स दिली, काम भागलं. आप्पा बाकावर बसले, मोबाइल हातात तसाच. मी शेजारी बसले. बंद दाराकडे बघत आप्पा म्हणाले, "माझ्याकडे हिचा एकही फोटो नाही, वैशाली. काही झालं तर भिंतीवर काय लावू? आधारचा?"

मला तेव्हा फार भीती वाटली. माईंची वाटत होतीच, पण आप्पांची जास्त वाटली. मोबाइलचा कॅमेरा त्यांनी अजून बंदसुद्धा केला नव्हता.

देवाच्या कृपेने माई वाचल्या. अँजिओप्लास्टी झाली, डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस ठेवून घरी सोडू. दुसऱ्या दिवशी तर त्या तिथल्या वरणाला नावं ठेवत होत्या, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

* * *

आप्पांचं दुकानात लक्ष नव्हतं. मीच उघडून बसले होते. एका गिऱ्हाइकाला स्वतःच्या बारशाचा फोटो परत हवा होता, आमच्याच स्टुडिओत काढलेला, रोलच्या जमान्यातला. मी माळ्यावरून निगेटिव्हचं पाकीट काढलं, स्कॅनरवर पट्टी लावली. पहिल्याच फ्रेममध्ये माई!

तरुण, केस काळेभोर, हाताला कणीक, तोंड उघडं. मला वाटलं, पाकीट चुकलं. दुसरं काढलं. त्यातही पहिल्या फ्रेममध्ये माई, कडेवर छोटा नितीन, कुणावर तरी चिडलेल्या. तिसऱ्यात माई, चौथ्यात माई. मी पट्ट्या घेऊन धावत वर गेले.

"आप्पा, हे काय आहे?"

"ते होय? टेस्ट आहेत त्या," आप्पा म्हणाले. "लाइट लावला की तो कसा पडतोय बघायला कुणीतरी स्टुलावर बसायला लागतं. गिऱ्हाइकाला कशाला ताटकळत ठेवायचं? हाक मारली की ही यायची वरून. एक मारायचा, की ही परत वर."

"म्हणजे प्रत्येक रोलच्या सुरुवातीला माई?"

"फोटो नाहीत ते, वैशाली. टेस्ट. तिला तर वाटतं, तेव्हा कॅमेऱ्यात रोलच नसतो."

 मी हात धरून त्यांना खाली आणलं आणि कॉम्प्युटरसमोर बसवलं. एकेक पट्टी लावत गेले. लाटणं घेऊन आलेल्या माई. 'कुकर लावलाय हो' म्हणणाऱ्या माई. हातात बाजाराची पिशवी, कपाळावर आठी. कशात तरी पोट धरून हसतायत. एकात तर पाठमोऱ्या, उठून चाललेल्या. पाकिटामागून पाकीट केस पांढरे होत गेले, चष्मा आला, पण बोलणं काही थांबलं नाही.

आप्पांनी सवयीने माउस हातात घेतला. गालाला लागलेलं पीठ पुसलं. फोटोकडे बघितलं, बघतच राहिले. मग पुसलेलं पीठ परत आणलं.

"असू दे," म्हणाले.

लग्न होऊन या घरात आल्यापासून आप्पांच्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकले नव्हते! मी उगाच स्कॅनरची काच पुसत राहिले, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आप्पा मात्र कामाला लागले होते. कोट नाही, पडदा नाही, जे आहे ते तसंच छापायचं. आणि कुठला लावायचा हे ठरेना, म्हणून सगळेच लावायचे. एका खिळ्याने काय होतंय! नितीनने ड्रिल आणलं आणि कॅलेंडरला स्वयंपाकघरात पाठवलं.

माई घरी आल्या. जिना दमादमाने चढल्या, हॉलमध्ये येऊन खुर्चीवर टेकल्या आणि समोर बघितलं.  आप्पा भिंतीशी हात मागे बांधून उभे. माईंनी पदराने चष्मा पुसला, परत लावला, आणि डावीकडून उजवीकडे एकेक फ्रेम बघत गेल्या. चहा आला, हातात घेतला, एक घोट घेतला.

"अहो, एवढ्या सगळ्यांत एकात तरी माझं तोंड मिटलेलं आहे का?"

"एक होता," आप्पा म्हणाले. "मान सरळ, डोळे सारखे, लाइट एकदम करेक्ट."

"मग तो कुठाय?"

"बाद केला. त्यात तू वाटतच नव्हतीस."